कॅबिनेट तेच, बोर्ड चौथा

राणीसावरगावसारख्या गावात कॉम्प्युटर घरात यायच्या आधी दुकानात आला. 2001 साली एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा सुरू झाली, पुढे सरकारी नोकरीच्या अर्जाला ते प्रमाणपत्र लागू लागलं, आणि गंगाखेड तालुक्यातल्या मोठ्या गावांत क्लास, डीटीपी, झेरॉक्स अशा पाट्यांखाली असेंबल केलेली मशीन दिसू लागली. परभणीहून नाहीतर नांदेडहून सुटे भाग आणायचे, स्क्रू आवळायचे आणि दुसऱ्या दिवशी क्लास सुरू. त्या मशीनच्या पोटातला मदरबोर्ड आणि प्रोसेसर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत का बदलत गेला, हे मला मांडून ठेवायचं आहे. कारण आमच्याकडे हौस म्हणून बोर्ड बदलणारे फार थोडे. दर वेळी कुठून तरी एक अट आली आणि चालतं मशीन जुनं ठरलं.

पहिली पिढी पेंटियम फोरची. 478 पिनांचं सॉकेट, 845 चिपसेटचा बोर्ड, 128 नाहीतर 256 एमबी रॅम, पट्टीसारख्या रुंद केबलची आयडीई हार्डडिस्क. प्रोसेसर भरपूर तापायचा आणि मे महिन्यात पत्र्याच्या गाळ्यात तर त्याचा पंखा ओरडतच असायचा. काळ्या मातीची धूळ हीटसिंकच्या पात्यांत बसली की मशीन आपोआप बंद पडायचं. त्यात भारनियमन. 2005 नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागात बारा-बारा तास वीज नसायची, आणि यायची तेव्हा कमी-जास्त दाबाने यायची. बोर्डावरचे कॅपॅसिटर फुगायचे, त्यांच्या डोक्यावर तपकिरी पाझर दिसायचा. सगळा दोष विजेचाच होता असं आम्ही कैक वर्षं समजत होतो. प्रत्यक्षात त्या काळात जगभर निकृष्ट इलेक्ट्रोलाइट भरलेले कॅपॅसिटर बोर्डांवर बसले होते आणि ते अमेरिकेतही तसेच फुगत होते. आमच्या उन्हाने आणि विजेने त्यांचं आयुष्य आणखी कमी केलं, एवढंच. चांगला कारागीर असे चार-सहा कॅपॅसिटर बदलून बोर्ड पुन्हा उभा करायचा. तशी कारागिरी आता दुर्मिळ झाली आहे, आणि मला तिचा फार आदर वाटतो.

खरा झटका बसला तो 775 सॉकेटचा. ते 2004 मध्ये बाजारात आलं, आमच्याकडे रुळायला आणखी दोन-तीन वर्षं लागली. यात पिना प्रोसेसरवरून निघून बोर्डाच्या सॉकेटमध्ये गेल्या. प्रोसेसर तिरका पडला आणि एक पिन वाकली तर बोर्ड वाया. पण मोठी अडचण वेगळीच होती. जुन्या मशीनमधलं जवळजवळ काहीच नव्या बोर्डाला चालेना. रॅम डीडीआरची डीडीआर-टू झाली, तिची खाच सरकली. हार्डडिस्क आयडीईवरून साटावर गेली. वीजपुरवठ्याच्या डब्याचा, म्हणजे एसएमपीएसचा, 20 पिनांचा प्लग 24 पिनांचा झाला. 'नुसता प्रोसेसर बदलून द्या' म्हणत आलेल्या माणसाला बोर्ड, रॅम, डिस्क, एसएमपीएस असा हिशेब सांगताना दुकानदाराचीही पंचाईत व्हायची. गिऱ्हाईकाला ती फसवणूक वाटायची. आणि सॉकेट तेच असलं तरी प्रोसेसर चालेलच असं नव्हतं. 945 चिपसेटच्या सुरुवातीच्या कित्येक बोर्डांत कोअर टू ड्युओ बसायचा, पण डिस्प्ले यायचा नाही, कारण त्या बोर्डाची वीज नियंत्रित करणारी मांडणीच त्याला पुरेशी नव्हती. सॉकेट बघून प्रोसेसर घेऊ नये, बोर्डाची यादी बघून घ्यावा, हे तेव्हापासून कळलं.

डीटीपीवाल्यांचं दुखणं आणखी निराळं होतं. मराठी अक्षरांच्या सॉफ्टवेअरचं कुलूप, म्हणजे डोंगल, जुन्या प्रतींत प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागायचं. लग्नपत्रिका, हँडबिलं, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, सगळं त्या कुलपावर चालायचं. नव्या बोर्डांवरून तो पोर्टच गायब होऊ लागला. डॉटमॅट्रिक्स प्रिंटरही त्याच पोर्टचा. म्हणून कित्येक डीटीपीवाल्यांनी वेगवान बोर्ड नाकारून पोर्ट असलेला हळू बोर्ड शोधून घेतला, आणि वेग सोडून काम वाचवण्याचा हा निर्णय मला आजही शहाणपणाचा वाटतो. जी-31 आणि जी-41 चिपसेटचे बोर्ड आमच्याकडे इतकी वर्षं टिकले, त्यामागे त्यांची स्वस्ताई होतीच, पण हेही एक कारण होतं.

मधली वर्षं शांततेची. मग 8 एप्रिल 2014 ला विंडोज एक्सपीचा आधार थांबला. कुणाला काही फरक पडला नाही, मशीन चालूच राहिली. फरक पडला तो 2016 मध्ये, क्रोमने एक्सपीवर अपडेट देणं बंद केलं तेव्हा. सरकारी संकेतस्थळं हळूहळू जुन्या ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली, आणि त्याच काळात सरकारचं सगळं काम मात्र संकेतस्थळांवर येत होतं. 2017 च्या उन्हाळ्यात कर्जमाफी जाहीर झाली, अर्ज ऑनलाइन, अंगठा लावून. शेतकरी नवरा-बायको रात्र-रात्र ऑनलाइन सेवा केंद्रांपुढे बसले होते. सर्व्हर चालत नव्हते हे खरंच, पण एक जीबी रॅमच्या मशीनवर अर्जाच्या पानाला अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर लावणाऱ्या ऑपरेटरचे हालही तितकेच खरे. मराठवाड्यातल्या केंद्रांत एच-61 बोर्ड आणि आय-थ्री प्रोसेसरची लाट आली ती याच सुमारास. पीकविमा, सातबारा, दाखले, नंतर पीएम किसान: प्रत्येक योजनेबरोबर मशीनवरचा भार वाढत गेला, पण केंद्रचालकाला त्यासाठी वेगळा पैसा कुणी दिला नाही. बोर्ड-प्रोसेसरचा खर्च त्याने एका-एका अर्जाच्या शुल्कातून काढला. या गोष्टीची नोंद कुठल्याच अहवालात सापडणार नाही, म्हणून ती इथे करतो.

हे एच-61 बोर्ड मुळात 2011 चे. पण मोठ्या शहरांतल्या ऑफिसांनी काढून टाकलेले दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर स्वस्तात मिळत राहिले आणि त्यांच्यासाठी जुनाच चिपसेट वापरून नवे बोर्ड बनत राहिले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, पुण्याच्या तापकीर गल्लीतून हा माल नांदेड-परभणीत उतरायचा. नवं मशीन परवडत नव्हतं त्या गावांना या जुन्या जोडीने दहा वर्षं तारून नेलं. पुढे त्यात एसएसडी बसली. एच-61 ला साटाचा जुना, 3 गिगाबिटचाच वेग मिळतो, तरीही फिरत्या डिस्कच्या तुलनेत मशीन ओळखू येईना. प्रोसेसर बदलून जे मिळालं नसतं ते डिस्क बदलून मिळालं. हा धडा थोडा आधी मिळता तर कित्येकांचा बोर्डाचा खर्च वाचला असता.

विंडोज सेव्हन जानेवारी 2020 मध्ये संपलं, त्यावरचं क्रोम 2023 मध्ये. त्या वेळी विंडोज टेन टाकून काम भागलं, एच-61 वर ते व्यवस्थित चालत होतं. 2021 मध्ये आलेल्या विंडोज इलेव्हनने मात्र दारच बंद केलं. टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज टेनचा नेहमीचा आधार थांबला. चौथ्या, सहाव्या पिढीची उत्तम चालणारी मशीन त्या दिवशी कागदोपत्री म्हातारी झाली. यात तांत्रिक कारण थोडं आणि बाजाराचा दबाव जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आत्ता बोर्ड बदलणाऱ्यांसमोर जे पर्याय आहेत त्यात एएमडीच्या एएम-4 सॉकेटची कहाणी मला सांगावीशी वाटते. 2017 मध्ये पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या कित्येक बोर्डांत बायोस, म्हणजे बोर्डातला मूळ प्रोग्राम, अपडेट करून 2020 नंतरचा 5000 मालिकेतला प्रोसेसर बसतो. इंटेलच्या बाजूला तेवढ्याच काळात 1151, 1200, 1700 अशी सॉकेटं बदलली. त्यातही 1151 चं नाव तेच राहिलं, पण आठव्या पिढीला जुना बोर्ड चालला नाही. एक बोर्ड दोन प्रोसेसर पाहतो, ही गोष्ट आमच्यासारख्या ठिकाणी फार मोलाची आहे. फक्त बायोस अपडेट करताना वीज गेली तर बोर्ड मुका होतो, म्हणून इन्व्हर्टर किंवा यूपीएसशिवाय ते करू नये.

2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे मेमरी वळली आहे. जुनी डीडीआर-फोर रॅम हाताशी असेल तर ती चालणारा बोर्ड निवडणं आज सर्वांत स्वस्त पडतं. एटीएक्सचं माप 1995 पासून तेच आहे, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या कॅबिनेटच्या भोकांत आजचा बोर्डही नीट बसतो. एसएमपीएस मात्र जुना ठेवू नका, स्वस्त एसएमपीएसने मेलेले बोर्ड आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. विंडोज मशीनबरोबर आलेलं असेल तर त्याचा परवाना बोर्डाशी बांधलेला असतो, तोही खर्चात धरा.

ज्यांच्याकडे विंडोज टेनचं चालतं मशीन आहे त्यांना माझी विनंती आहे. ते भंगारात टाकू नका. वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केली तर घरगुती वापराच्या मशीनला ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदत मिळते. नंतर पोराच्या अभ्यासाला, टायपिंगला त्यावर लिनक्स टाका. आणि बोर्ड घ्यायला नांदेडला जाल तेव्हा दुकानदाराला किमतीच्या आधी एवढंच विचारा: यात पुढच्या पिढीचा प्रोसेसर बसेल का?