गरीची गाठ सुटू नये म्हणून



शेतीच्या कामातून उसंत मिळाली की आपल्यापैकी पुष्कळजण गरी घेऊन नदीवर जातात. मुळगावच्या एका अंगाला शापोरा, तर दुसऱ्या अंगाला मांडवी. या नद्यांच्या मचूळ पाण्यात चोणक मिळतो; महाराष्ट्रात यालाच जिताडा म्हणतात. गरी लावलेला बनावट मासा पाण्यातून ओढत आणला की चोणक त्यावर झडप घालतो. पण झटका बसतो आणि हाती येतो नुसता दोरा! पैसे देऊन घेतलेला बनावट मासा जातो, आणि चोणक बिचारा तोंडात गरी घेऊन फिरतो. दोष आपण दोऱ्याला देतो; पण पुष्कळदा तो गाठीचा असतो.

सुताला चालणारी साधी गाठ नायलॉनला चालत नाही. सूत खरबरीत असल्याने वेढे एकमेकांना धरून राहतात. नायलॉनचा दोरा, म्हणजे आपली तंगूस, गुळगुळीत असल्याने गाठ सरकते. शिवाय कोरडी गाठ आवळताना दोरा घासून तापतो आणि नेमका तेथेच दुबळा होतो.

पक्की गाठ अशी मारावी :

(१) बनावट माशाच्या तोंडाशी असलेल्या कडीतून दोऱ्याचे टोक ओवून वीतभर बाहेर काढावे.

(२) ते टोक मुख्य दोऱ्याभोवती ५ ते ६ वेळा गुंडाळावे. दोरा जाड असल्यास ४ वेढे पुरेत.

(३) आता कडीला लागून जे लहान भोक राहते, त्यातून टोक परत न्यावे. असे केल्याने बाजूला एक मोठा फास तयार होतो. त्यातूनही टोक ओवावे.

(४) गाठ स्वच्छ पाण्याने भिजवावी. ही पायरी कधीही चुकवू नये.

(५) टोक हलके धरून मुख्य दोरा सावकाश ओढावा. वेढे शेजारी शेजारी नीट बसले पाहिजेत. एकावर एक चढले, तर कापून नव्याने गाठ मारावी.

(६) भाताच्या अर्ध्या दाण्याएवढे टोक ठेवून बाकीचे कात्रीने कापावे. दातांनी तोडू नये, दात दुखावतात.

चोणकाच्या कल्ल्याची झाकणे धारदार असतात व बारीक दोरा कापतात. म्हणून शेवटचा हातभर दोरा जाड घ्यावा. तो मुख्य दोऱ्याला जोडण्यासाठी मध्ये लहान फिरकी घालून दोन्ही बाजूंना हीच गाठ मारावी. उन्हात राहिलेला दोरा कमजोर होतो. तो सावलीत ठेवावा आणि खरखरीत झालेला भाग कापून टाकावा.

गाठ ओढून पाहताना गरी स्वतःकडे व मुलांकडे रोखलेली नसावी. गरी मांसात खोल रुतल्यास ओढून काढू नये. तिचा उलटा काटा जखम वाढवतो. डॉक्टरांकडून काढून घ्यावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे. डोळ्याला लागल्यास गरीला हात न लावता, डोळ्यावर दाब न देता, ताबडतोब इस्पितळ गाठावे.

शेवटी एक गोष्ट. कापलेले तुकडे बांधावर टाकू नयेत. नायलॉन सुतासारखा लवकर कुजत नाही. तो गुरांच्या खुरांत व पाखरांच्या पायांत अडकतो. ते तुकडे खिशात घालून घरी आणावेत.