क्लचप्लेटा घरी बदलताना

काळी नदी जोयडा तालुक्यातल्या दिग्गीजवळ उगम पावते. सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा मुलूख. इथे मोटारसायकलच्या क्लचला उसंत नाही. चढावर ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी काही ओढ घेत नाही, असं होऊ लागलं की क्लच घसरतोय हे नक्की.

लगेच प्लेटा आणायला धावू नका. आधी लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिमी ढील आहे का बघा. प्लेटा झिजतात तशी ही ढील कमी होत जाते. ती संपली की क्लच कायम अर्धवट दाबलेलाच राहतो, आणि झीज आणखी वाढते. कधीकधी केबल सैल केली तरी काम भागतं.

एवढ्याशा डब्यात इतक्या प्लेटा कशाला? घर्षण दाबावर ठरतं, पृष्ठभाग किती मोठा यावर नाही, हे फ्रेंच शास्त्रज्ञ गिलोम आमाँताँ यांनी 1699 मध्येच मांडलं होतं. प्लेट नुसती रुंद करून उपयोग नाही, आणि घेर वाढवायला इंजिनात जागा नाही. पण स्प्रिंगांचा तोच दाब एकावर एक रचलेल्या प्रत्येक प्लेटमधून पुढे जातो. चार घर्षण-प्लेटा म्हणजे घासणाऱ्या बाजू आठ, आणि पकडही एका बाजूच्या आठपट. प्लेटा झिजल्या की थप्पी पातळ होते, स्प्रिंगा सैलावतात, दाब उतरतो.

काम गाडी थंड असताना करायचं. ऑईल काढा (ओहोळात ओतू नका, गॅरेजवाल्याला द्या) आणि कव्हर उघडा. कव्हरचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवावेत. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे करून सोडवा. घर्षण-प्लेट नवी असताना बऱ्याच गाड्यांत साधारण 3 मिमी जाड असते आणि काही दशांश मिमी झिजली तरी बाद होते. नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये पाहा. स्टीलची प्लेट काचेवर ठेवून दाबा. डुगडुगली तर वाकलीय. निळे डाग दिसले तर ती 300 अंशांच्या आसपास तापून गेलीय.

नव्या प्लेटा काही तास इंजिन ऑईलमध्ये भिजवा; कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत करपतात. स्प्रिंगांचे बोल्ट आवळताना जोर दाखवू नका, ॲल्युमिनियमचे आटे चटकन जातात. नवशिक्यांचं नुकसान बहुधा इथेच होतं. टॉर्क पाना मिळाला तर उत्तमच. पॅकिंग नवंच टाका. ऑईलच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए2' लिहिलेलं हवं. कारच्या बऱ्याच ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती या क्लचला मारक.

आणि चढावर थांबल्यावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका. ब्रेक दाबा.