टेबलावरची लढाई : इतिहासातली की कल्पनेतली?

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या.

मागच्या सेमिस्टरला ओरल संपल्या त्या रात्री आमच्या रूममध्ये एक लढाई झाली. घाबरू नका, रेक्टर सरांपर्यंत जावं असं काही नव्हतं. दोन पलंगांवर ड्रॉइंग बोर्ड आडवा टाकला. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले वॉशर म्हणजे पायदळ, नट म्हणजे घोडदळ आणि बोल्ट म्हणजे तोफा. सोबत मोजपट्टी आणि लुडोचे फासे. लढाई होती अडगावची.

परदेशात या छंदाला मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात. तिथे नट-बोल्ट नसतात, बोटभर उंचीचे रंगवलेले सैनिक असतात. बुद्धिबळासारखे चौकोन नसतात. पायदळ किती इंच चालेल, तोफ किती इंचांवर मारेल, हे मोजपट्टीने ठरतं आणि नेम लागला की नाही ते फासा सांगतो. चतुरंग आपलाच, त्यामुळे कल्पना आपल्याला परकी नाही. प्रशियात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशा आणि फासे घेऊन लष्करी अधिकाऱ्यांसाठी असा खेळ तयार केला. पुढे एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातल्या शिपायांसाठी नियम लिहिले. टाइम मशीनवाला वेल्स तो हाच!

१९७१ मध्ये अमेरिकेत 'चेनमेल' नावाचं नियमांचं पुस्तक आलं. ते होतं मध्ययुगीन लढायांचं, पण शेवटी एक पुरवणी होती, तिच्यात जादूगार आणि ड्रॅगन होते. ती पुरवणीच लोकांना जास्त आवडली. त्यातूनच १९७४ चा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला. इंग्लंडमध्ये १९८३ ला 'वॉरहॅमर' आला. तेव्हापासून या छंदात दोन घरं झाली, एक इतिहासवाल्यांचं आणि दुसरं फँटसीवाल्यांचं. दोघांचं भांडण आजही चालू आहे. आमच्या रूममध्ये तर खेळ सुरू होण्याआधीच झालं.

मी वेलस्ली झालो आणि कारंज्याच्या रूममेटला नागपूरकर भोसले दिले. तो म्हणाला, "मले हरेल पार्टी काहून देतं बे? त्यापेक्षा एक ड्रॅगन दे, मंग खेळतो."

त्याचं चुकलं नव्हतं. फँटसीचा मोठा फायदा हाच आहे. तिथे प्रत्येक सैनिकाला पॉइंट असतात. तुझे हजार, माझे हजार, मग त्यात राक्षस घे नाहीतर बुटके घे. दोन्ही बाजू समान, आणि निकाल कोणालाच आधी माहीत नाही. शिवाय ऑर्क नावाच्या त्या हिरव्या राक्षसाला वंशज नसतात. तो मेला तर कोणाचं मन दुखत नाही.

इतिहासात तसं नाही. २९ नोव्हेंबर १८०३ ची अडगावची लढाई आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातली. आपला वाशिमही १९९८ पर्यंत त्याच जिल्ह्यात होता. भोसल्यांच्या फौजेचं नेतृत्व रघूजींचे भाऊ व्यंकोजी करत होते. लढाई हरली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांत देवगावचा तह झाला. त्या तहात वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं. आता सांगा, ही बाजू हौसेने कोण घेईल?

कसाबसा तो तयार झाला. सुरुवातीलाच भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या. खऱ्या लढाईत त्या माऱ्याने कंपनीच्या काही पलटणी घाबरून मागे पळाल्या होत्या. म्हणून मी तिथे धीर टिकण्याचा फासा ठेवला होता. मी टाकला, एक आला! पलटणी पळाल्या. वेलस्लीने त्यांना सावरायचा दुसरा फासा टाकला, पुन्हा एक. भोसल्यांचं घोडदळ त्या खिंडारातून आत घुसलं आणि तासाभरात मी हरलो. कॉरिडॉरमध्ये असा आरडाओरडा झाला की जणू वर्ल्ड कप जिंकलाय.

शेजारच्या रूममधला एकजण म्हणाला, "काहीही! इतिहास असा बदलता येतो का?" पण माझा रूममेट गप्प बसून वॉशर गोळा करत होता. मग हळूच म्हणाला, "म्हणजे जिंकता आलं असतं?"

मित्रांनो, हा प्रश्न ड्रॅगन असता तर पडला नसता. त्या रात्री आम्ही शोधत बसलो. वेलस्ली जवळच होता, त्याने पलटणी स्वतः सावरल्या. आपण तिथे नसतो तर हरलो असतो, हे त्याने नंतर पत्रात लिहिलं आहे. म्हणजे आमचा फासा अगदीच खोटं बोलत नव्हता. शाळेत ही लढाई मला एका ओळीतही भेटली नव्हती.

मामाकडे साताऱ्याला दिवाळीत आम्ही किल्ला करायचो. मातीचे मावळे, वर महाराज, पायथ्याला अळीव पेरलेलं. तोही एका अर्थाने मिनिएचरच. पण तिथे फासा नसतो आणि तो नसावाच, कारण ती मानवंदना आहे, खेळ नाही. खेळात समोरची बाजूही कोणीतरी घ्यावी लागते, आणि आपली बाजू हरू शकते हे मान्य करावं लागतं. ज्याला ते जमत नसेल त्याने खुशाल ऑर्क घ्यावेत. त्यात कमीपणा काही नाही. नियम शिकायला, हसायला-खेळायला फँटसीच बरी.

पण एकदा तरी हरलेल्या बाजूने खरी लढाई खेळून बघा. का हरलो, हे कळायला लागतं. आमची पुढची लढाई गाविलगडची. या वेळी रूममेटने भोसले स्वतःहून मागून घेतलेत. वॉशर आहेत, नट आहेत, फक्त तटबंदीसाठी जुनी जर्नल्स हवीत. कोणाकडे असतील तर रद्दीत घालू नका!