शनिवारी सगळ्यांनाच बाया हव्यात

सकाळी ६.१०
सप्टेंबरचा शेवटचा शुक्रवार. पूर्णेचं मैदान: उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा, मधे सपाट काळी जमीन आणि भुईखाली खारं पाणी. अकोल्याजवळच्या एका कृषी हवामान वेधशाळेचा निरीक्षक कामावर निघालाय. शंभराचं पेट्रोल त्याला दोन दिवस पुरतं. निघण्याआधी तो घरामागच्या दोन एकर सोयाबीनमध्ये शिरतो आणि एक शेंग कानाशी हलवून बघतो. दाणा वाजतो. पानं गळालीत. आठवडाभर उभं ठेवलं तर उन्हानं शेंगा तडकून दाणे मातीत जातील. सोंगलं आणि वरून पाऊस पडला तर गंजीतच दाणा काळा पडेल, कोंब फुटतील.
"मंग बायांले काय सांगू?" बायको विचारते.
"बुलेटिन येऊ दे. फोन करतो."

७.२२
पहिला वेध स्थानिक वेळेनुसार सातचा. प्रमाणवेळेच्या रेखांशापासून अकोला साडेपाच अंश पश्चिमेला, म्हणून घड्याळात सात बावीस. तो लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीचं दार उघडतो. श्वासाची ऊब पाऱ्याला लागू नये म्हणून वाचन झटपट, दशांश आधी आणि पूर्ण अंश मागून. कोरडा तापमापी २३.६, ओला २३.०. म्हणजे हवा पाण्यानं भरलेली. ओल्या तापमापीवरची मलमल दर आठवड्याला बदलावी लागते. ती मळली की आकडा वर सरकतो. मग वाकून जमिनीतले तापमापी: पाच, दहा, वीस सेंटिमीटर. गुडघ्याला चिखल लागतो. बाष्पीभवनाच्या पात्रावर जाळी आहे, नाहीतर पाखरं पाणी पितात. मापाच्या नळकांड्यानं तो थोडंथोडं पाणी ओततो, आतल्या खुणेच्या टोकाला पाणी टेकेपर्यंत. या कामात घाई चालत नाही. एक वेध चुकला तर तो परत घेता येत नाही, तो क्षण गेलेला असतो.

८.३०
पर्जन्यमापकाची बाटली काचेच्या मापात रिकामी करायची. १.४ मिलिमीटर. दिवसाचा पाऊस अडीचच्या खाली असला तर हवामान खातं तो पावसाचा दिवस धरत नाही. सोंगून पडलेलं सोयाबीन मात्र एवढ्यानंही ओलं होतं. आकडे वहीत, मग संगणकात. चहा दहा रुपये, भजी वीस. भजी तो घेत नाही.

१०.४०
मंगळवार आणि शुक्रवार हे कृषी हवामान सल्ल्याचे दिवस. नागपूरच्या प्रादेशिक केंद्राकडून पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आला आहे. मान्सून राजस्थानातून माघारी फिरायची सरासरी तारीख १७ सप्टेंबर, पण विदर्भ सोडेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो. या मधल्या दिवसांत बंगालच्या उपसागरातलं एखादं कमी दाबाचं क्षेत्र ओडिशा, छत्तीसगड ओलांडून इकडे सरकतं. आताही तसंच आहे. शनिवार कोरडा. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस. मंगळवारपासून उघडीप.

शास्त्रज्ञ सल्ला सांगतात, तो टाइप करतो. पक्व सोयाबीन शनिवारपर्यंत सोंगावं, गंजी ताडपत्रीनं झाकावी. फुटलेला कापूस वेचून घ्यावा. फवारणी पुढं ढकलावी. माझ्या मते या पानभर मजकुरात 'शनिवारपर्यंत' हा शब्द सगळ्यात कामाचा. शेतकऱ्याला आकडे नको असतात, वार हवा असतो.

११.१५
सल्ला गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर जातो. तो पाठवल्याशिवाय घरी फोन करायचा नाही, हे त्यानं स्वतःच ठरवलंय. कुणी सांगितलेलं नाही. मला हे फार मोठं वाटतं. ११.२० ला तो बायकोला म्हणतो, "उद्याच लाव." ती मजुरांच्या टोळीच्या मुकादमीणबाईंकडे जाऊन येते. सोंगणीचे काल एकरी साडेतीन हजार होते, आज चार हजार. शनिवारी सगळ्यांनाच बाया हव्यात. दोन एकरांचे आठ हजार. त्याला कंत्राटावर महिन्याला चौदा हजार मिळतात.

शेतकऱ्यांचे फोन सुरू होतात. जिल्हा पातळीवरचे हवामान कक्ष २०२४ मध्ये बंद झाले, तेव्हापासून फोन वाढलेत, असं तो सांगतो.
"भाऊ, आमच्या गावाले येईन काय पानी?"
"काका, तुरळक म्हणजे शंभरातल्या पंचवीस ठिकाणांपर्यंत. तुमचं गाव त्यात हाय का नाई, हे कोनीच नाई सांगू शकत."
"मंग करू काय आमी?"
"झाकायची सोय असंन तर सोंगा."

दुपारी २.२२
दुसरा वेध. ३२.८. मान वर करून तो आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करतो आणि किती झाकलेत ते मोजतो. पाच. पूर्वेला ढग गोळा होताहेत, पण विजेची सूचना देणारं 'दामिनी' अॅप शांत आहे. डबा: भाकर, ठेचा, कांदा.

संध्याकाळी ६.१५
ऊन मोजणाऱ्या काचेच्या गोळ्यामागची निळी पट्टी काढायची. सूर्य जेवढा वेळ होता तेवढीच ती करपते, ढग आला तिथं डाग तुटतो. सध्याचे दिवस सरळ पट्टीचे, महिनाभरात वाकडी लागेल. पाच तास चाळीस मिनिटं ऊन. उद्यासाठी नवी पट्टी सरकवून तो निघतो.

७.३०
मुकादमीणबाई ओट्यावर बसल्यात. आठ बाया, सकाळी सहाला, विळे त्यांचे. पिण्याचं पाणी मालकाचं. इथं विहिरीचं तोंडात धरवत नाही, म्हणून वीस रुपयांचे दोन जार सांगून ठेवायचे. दोन हजार आगाऊ. बाकी गंजी लागल्यावर.

८.१५
ताडपत्री एकच आहे, तीही कोपऱ्यात फाटकी. दुसरी मागायला तो शेजारी जातो.
"रविवारी कवा येईन म्हंते?" शेजारी विचारतो.
"दुपारनंतर."
"मंग तोवर माहीही सोंगून होते. मलेच लागन रे."
गावातलं दुकान अजून उघडं आहे. ताडपत्री अठराशेला. पाचशे रोख, बाकी मळणी झाल्यावर.