गोधडी

विरलेले लुगडे किंवा फाटलेले धोतर टाकाऊ दिसते. परंतु महाराष्ट्रातील गृहिणी त्यांतूनच गोधडी निर्माण करतात. उन्हाळ्यात शेतीची कामे उरकली, की खेड्यांतील स्त्रिया गोधड्या शिवावयास घेतात. जुने लुगडे जमिनीवर पसरून त्यावर चिंध्या सारख्या मांडतात, वर दुसरे लुगडे घालतात आणि काठापासून मध्याकडे धावदोरा घालीत जातात. या टाक्यांमुळे आतील चिंध्या गोळा होत नाहीत. थरांमध्ये कोंडलेली हवा अंगाची ऊब सहसा बाहेर जाऊ देत नाही. वारंवार धुतल्याने सुती वस्त्र मऊ झालेले असते. म्हणून ते तान्ह्या बाळालाही बोचत नाही. जे जीर्ण वस्त्र एकटे थंडी अडवू शकत नाही, तेच इतरांशी जोडले गेले, म्हणजे आजीच्या लुगड्याची ऊब नातवंडांना मिळते.