न्यायालयाच्या आदेशाने आलेला रुग्ण

व्यसनी माणसाने मनापासून ठरवल्याखेरीज उपचारांचा उपयोग होत नाही, ही समजूत व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात खोलवर रुजलेली असताना इंग्लंड व वेल्समध्ये १९९८ च्या एका कायद्याने ‘अमली पदार्थ उपचार व चाचणी आदेश’ नावाची शिक्षा अस्तित्वात आणली. हेरॉइनच्या खर्चासाठी वारंवार चोऱ्या करणारा आरोपी तुरुंगात न जाता समाजात राहूनच उपचार घेईल आणि ठरावीक काळाने त्याच्या लघवीची तपासणी होईल, अशी ही योजना होती. आदेशाची मुदत सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत असे आणि आरोपीच्या संमतीशिवाय तो देता येत नसे. मात्र नकाराचा पर्याय बहुधा तुरुंग असल्याने ही संमती कितपत खरी मानायची, हा प्रश्न उरतोच. अभ्यासक म्हणूनच अशा उपचारांना ‘सक्तीचे’ न म्हणता ‘अर्धसक्तीचे’ म्हणतात.

खरी अडचण झाली ती वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या उपचार केंद्रांची. तोवर तेथील समुपदेशक रुग्णाचा, आणि फक्त रुग्णाचाच, असे. बोललेले चार भिंतींआड राहील, या विश्वासावर सगळे काम चाले. आता तोच समुपदेशक गैरहजेरी आणि तपासणीचे निष्कर्ष परिवीक्षा अधिकाऱ्याला, म्हणजे शिक्षा भोगणाऱ्यावर तुरुंगाबाहेर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवू लागला आणि त्यावरून न्यायालयात रुग्णाच्या प्रगतीचा आढावा घेतला जाऊ लागला. त्यातच बरे होत असताना एखादवेळी पुन्हा नशा करणे हा वैद्यकाच्या दृष्टीने आजाराचाच भाग असतो, तर न्यायालय त्याकडे आदेशभंगाची खूण म्हणून पाहू शकते. क्रॉयडन, लिव्हरपूल आणि ग्लॉस्टरशायर येथे योजनेची प्रथम चाचणी झाली, तेव्हा हा पेच तीन ठिकाणी तीन प्रकारे सोडवला गेला आणि ग्लॉस्टरशायरमध्ये आदेश रद्द होण्याचे प्रमाण लिव्हरपूलहून कितीतरी अधिक राहिले. कायदा एकच असला, तरी आदेश टिकणे न टिकणे हे पुष्कळ अंशी स्थानिक यंत्रणांच्या सबुरीवर अवलंबून राहिले, असेच यावरून म्हणावे लागते.

चाचणीचे निकाल प्रथमदर्शनी निराश करणारे होते. जेमतेम तीस टक्के लोकांनी आदेशाची मुदत पुरी केली आणि दोन वर्षांत ऐंशी टक्के लोक पुन्हा दोषी ठरले. तथापि मुदत पुरी करणाऱ्यांत हे प्रमाण त्रेपन्न टक्के आणि आदेश रद्द झालेल्यांत एक्याण्णव टक्के होते. हा फरक सर्वस्वी उपचारांमुळे पडला, असे मात्र म्हणता येत नाही, कारण टिकून राहणारे लोक मुळातच अधिक सावरलेले असण्याची शक्यता असते. पुढे युरोपातील पाच देशांत न्यायालयामार्फत आलेल्या आणि स्वतःहून आलेल्या रुग्णांची तुलना झाली, तेव्हा पहिल्या गटाची प्रगती दुसऱ्याहून कमी आढळली नाही. ‘स्वतःहून’ आलेल्यांपैकी अनेकांना घरच्यांनी किंवा मालकाने आणून सोडलेले असते, हे ध्यानात घेतले, तर यात फारसे नवल नाही.

इंग्लंडमधील हा आदेश २००५ पासून मागे पडला आणि त्याची जागा समाजात राहून भोगायच्या शिक्षेतील ‘व्यसनमुक्तीच्या अटी’ने घेतली. भारतात अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात, म्हणजे ‘एनडीपीएस’मध्ये, याच्याशी मिळतीजुळती दोन कलमे आहेत. कलम ६४अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगण्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते, आणि उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. कलम ३९ अन्वये अशाच गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला न्यायालय, तिची संमती असेल तर, लगेच शिक्षा न सुनावता बंधपत्रावर उपचारांसाठी सोडू शकते. तिने एक वर्षाच्या आत उपचारांच्या फलिताचा वैद्यकीय अहवाल घेऊन न्यायालयासमोर हजर व्हायचे असते. म्हणजे इंग्लंडमधील समुपदेशकाला पडलेला पेच येथे अहवालावर सही करणाऱ्या डॉक्टरच्या वाट्याला येतो.