नारू आणि गाळणीचे फडके

बडोद्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात नवलखी वाव आहे. महाराष्ट्रात जिला आपण बारव म्हणतो, तीच गुजरातेतील वाव. पायऱ्या उतरून पाण्याशी जावे, पाय धुवावेत, ओंजळभर पाणी प्यावे आणि घागर भरून वर यावे, हा खेड्यापाड्यांतील शतकानुशतकांचा परिपाठ. परंतु अशाच पायऱ्यांच्या विहिरींनी गावोगावी नारूचे दुखणे पसरविले.

नारू म्हणजे माणसाच्या शरीरात वाढणारा दोऱ्यासारखा कृमी. त्याची मादी जवळजवळ एक मीटर लांब होते. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा, डोळ्यांस जेमतेम दिसणारा जीव असतो. त्याच्या पोटात नारूची पिल्ले वाढतात. असे पाणी प्यायल्यावर सुमारे वर्षभराने बहुधा पायावर फोड येतो आणि आग होऊ लागते. ती शमविण्यासाठी रोगी पाण्यात पाय बुडवितो. तत्क्षणी मादी असंख्य पिल्ले पाण्यात सोडते. म्हणजे जो पाणी भरावयास येतो, तोच नकळत साऱ्या गावाचे पाणी दूषित करतो!

यावर औषध नाही. कृमी काडीस गुंडाळून रोज थोडाथोडा बाहेर काढावा लागे. तो तुटला तर पाय सुजे. घरचा कर्ता कित्येक आठवडे अंथरुणास खिळला, तर शेत कोणी पाहावे?

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, १८९२ साली, आजव्याचे सयाजी सरोवर पूर्ण झाले आणि बडोदे शहरास नळाचे पाणी मिळू लागले. नळात कोणी पाय बुडवीत नाही! खेड्यांत नळ नव्हते. तेथे उपाय साधे होते. पाणी दुहेरी फडक्याने गाळावे, पायऱ्या बुजवून विहिरीस कठडा व रहाट बसवावा, नारू झालेल्याने पाण्यात उतरू नये. १९८३-८४ साली भारताने नारू-निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम हाती घेतली. आरोग्यसेवकांनी गावोगावी हेच समजावून सांगितले. जुलै १९९६ मध्ये देशातील अखेरचा रोगी आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. १९८६ साली जगात सुमारे ३५ लाख माणसांना हा रोग होत असे. २०२३ साली अवघे १४ रोगी आढळले.

लस नाही, औषध नाही. तरी रोग हटला, तो केवळ ज्ञानाने आणि सवयीने. मात्र एक गोष्ट आपण विसरू नये. फडक्याने सायक्लॉप्स अडतो. पटकी व विषमज्वर यांचे जंतू त्याहून कितीतरी सूक्ष्म असतात. त्यांच्यासाठी पाणी उकळलेच पाहिजे. सुट्टीत आम्ही आजोळी जातो, तेव्हा विहिरीचा कठडा, पाण्याचा माठ आणि त्यावरील झाकण एकदा डोळसपणे पाहू या. शाळेत मिळालेले ज्ञान घरच्या माठापर्यंत पोहोचले, तरच ते सार्थकी लागले असे म्हणता येईल.